चारचाकीचे इंजिन: कोणता भाग कोणत्या अडचणीवरचा तोडगा आहे?

यंत्रवेडा (धागाकर्ता)

गाडीच्या इंजिनाविषयी वाचायला घेतले की बहुतेक ठिकाणी भागांची यादी समोर येते. पिस्टन म्हणजे अमुक, क्रँकशाफ्ट म्हणजे तमुक, असे एकेका ओळीत सांगून टाकलेले असते आणि ती यादी पाठ झाली तरी इंजिन काही समजत नाही. माझी कित्येक वर्षे अशीच गेली. पुढे एक जुने इंजिन पूर्ण खोलले जात असताना दोन दिवस शेजारी बसून पाहायला मिळाले आणि तेव्हा एक गोष्ट मनात पक्की झाली. इंजिनातला जवळजवळ प्रत्येक भाग हा त्याच्या आधीच्या भागाने उभ्या केलेल्या अडचणीवरचा तोडगा आहे. त्या क्रमाने गेले की नावे आपोआप लक्षात राहतात. तोच क्रम इथे मांडतो आहे. जिथे चुकेन तिथे जाणकारांनी जरूर दुरुस्त करावे.

वाटीभर पेट्रोल उघड्यावर पेटवले तर ज्वाळा उठतात, उष्णता चारी दिशांना पसरते आणि काहीही ढकलले जात नाही. तेच पेट्रोल हवेत बारीक मिसळून बंद जागेत पेटवले तर स्फोट होतो, वायू तापतात, पसरायला जागा नसल्यामुळे त्यांचा दाब वाढतो, आणि त्या जागेची एक भिंत सरकती असेल तर ती मागे रेटली जाते. बंद जागा म्हणजे सिलिंडर आणि सरकती भिंत म्हणजे पिस्टन. इंजिनाचे मूळ एवढेच आहे.

पहिली अडचण इथेच येते. पिस्टन सरळ रेषेत खालीवर होतो आणि चाकांना तर गोल फिरणे हवे. सायकल चालवताना आपला गुडघा खालीवर होतो, पोटरी तिरकी होत जाते आणि पायडल गोल फिरते, ते डोळ्यांसमोर आणावे. गुडघ्याच्या जागी पिस्टन, पोटरीच्या जागी कनेक्टिंग रॉड आणि पायडलच्या दांड्याच्या जागी क्रँकशाफ्ट. पिस्टन आणि रॉड यांना जोडणारी जाड पोकळ पिन, जिला कारागीर गजन पिन म्हणतात, ती गुडघ्याच्या सांध्याचे काम करते.

पण सायकलवर पायडल अगदी वर किंवा अगदी खाली असताना कितीही जोर लावला तरी ते फिरत नाही, आधीच्या वेगावरच तो बिंदू ओलांडावा लागतो. इंजिनातही तसेच आहे. शिवाय इथे एक सिलिंडर चार स्ट्रोकपैकी एकातच ताकद देतो. पहिल्या स्ट्रोकमध्ये पिस्टन खाली जातो आणि हवा व इंधन आत येते, दुसऱ्यात वर येऊन ते मिश्रण दाबतो, तिसऱ्यात ज्वलनाच्या दाबाने खाली ढकलला जातो आणि चौथ्यात वर येऊन जळालेला वायू बाहेर काढतो. या चौघांत क्रँकशाफ्टच्या दोन पूर्ण फेऱ्या होतात. म्हणजे दोन फेऱ्यांत अर्धी फेरी कमाईची आणि दीड फेरी खर्चाची. ती दीड फेरी पार पाडायला कोणीतरी वेग साठवून ठेवावा लागतो, म्हणून क्रँकशाफ्टच्या टोकाला फ्लायव्हील नावाची जड चकती असते. दुसरा तोडगा म्हणजे सिलिंडरांची संख्या वाढवणे. चार सिलिंडर असले की दर अर्ध्या फेरीला कोणीतरी एक ताकदीच्या स्ट्रोकमध्ये असतो, आणि एका ओळीतल्या चार सिलिंडरांत तो क्रम बहुतेक वेळा १-३-४-२ असा असतो.

हे चार स्ट्रोकचे तत्त्व फ्रेंच अभियंता आल्फाँस बो द रोशा याने १८६२ मध्ये कागदावर मांडले आणि निकोलाउस ऑटो याने १८७६ मध्ये तसे नीट चालणारे इंजिन उभे केले. त्यातला खरा कस दुसऱ्या स्ट्रोकचा आहे असे मला वाटते. मिश्रण आधी दाबायला ताकद खर्च करायची आणि मग पेटवायचे, हे वरवर तोट्याचे दिसते. पण जितके अधिक दाबून पेटवावे तितके जळलेल्या वायूला पुढे पसरायला अंतर मिळते आणि उष्णतेचा तितका मोठा हिस्सा पिस्टनला रेटण्यात कामी येतो. पेट्रोल इंजिनात मिश्रण साधारण नऊ ते तेरा पट दाबले जाते. डिझेल इंजिनात नुसती हवा पंधरा ते वीस पट दाबतात. एवढ्या दाबाने ती पाचशे अंश सेल्सिअसच्या वर तापते आणि त्यात डिझेलचा फवारा सोडताच ते आपोआप पेट घेते, म्हणून तिथे ठिणगी देणारा स्पार्क प्लग लागत नाही.

दाबायचे ठरले की गळती थांबवणे आले. पिस्टन सिलिंडरात अगदी घट्ट बसवता येत नाही, कारण तापल्यावर तो फुगतो आणि अडकून बसेल. म्हणून त्याच्याभोवती खाचा करून रिंगा घालतात, बहुधा तीन. वरच्या दोन वायू अडवतात आणि खालची सिलिंडरच्या भिंतीवरचे जादा तेल खरवडून परत पाठवते. रिंग नुसत्या स्वतःच्या ताणाने भिंतीला चिकटत नाही. ज्वलनाचा दाब खाचेत शिरून तिच्या पाठीमागून तिला भिंतीवर दाबतो, म्हणजे गळतीचा धोका जेव्हा सर्वांत जास्त तेव्हाच तिची पकडही सर्वांत घट्ट. हे समजले त्या दिवशी मी बराच वेळ ती एक रिंग हातात घेऊन बसलो होतो.

आता बंद खोलीला दारे हवीत. ती म्हणजे सिलिंडरांवर झाकणासारख्या बसणाऱ्या सिलिंडर हेडमधले व्हॉल्व्ह. ते उघडायचे काम कॅमशाफ्टवरचे अंड्याच्या आकाराचे उंचवटे करतात आणि बंद करायचे काम स्प्रिंग करते. प्रत्येक व्हॉल्व्ह दोन फेऱ्यांत एकदाच उघडायचा असल्यामुळे कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या बरोबर निम्म्या वेगाने फिरला पाहिजे. कॅमच्या चाकाला क्रँकच्या चाकाच्या दुप्पट दाते देऊन आणि दोघांवर टायमिंग बेल्ट किंवा चेन चढवून हे साधले जाते.

मिनिटाला तीन हजार फेऱ्या, म्हणजे महामार्गावरचा सर्वसाधारण वेग. त्या वेगाला प्रत्येक पिस्टन सेकंदात शंभर वेळा थांबून दिशा बदलतो आणि प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदात पंचवीस वेळा उघडून बंद होतो. स्ट्रोकची लांबी ८० मिलिमीटर धरली तर सहा हजार फेऱ्यांना वरच्या टोकाशी पिस्टनला बसणारा हिसका गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे दोन हजार पट असतो. तीनशे ग्रॅमचा पिस्टन त्या क्षणी सहाशे किलोच्या ओझ्यासारखा कनेक्टिंग रॉडला ताणतो. पिस्टन इतका हलका का करतात आणि रॉडचे बोल्ट ठरलेल्या ताणानेच का आवळतात, याचे उत्तर यात आहे.

ऑइल आणि कूलिंग यांविषयी प्रतिसादांच्या ओघात लिहीन.

कार्यशाळा

धागा आवडला, मांडणीचा क्रम विशेष आवडला. इंजिने उघडणे आणि जोडणे हेच माझे रोजचे काम असल्यामुळे एक दुरुस्ती सुचवतो. आपण "स्फोट होतो" असे लिहिले आहे. बोलताना आम्हीही तसे म्हणतो, पण निरोगी इंजिनात स्फोट होत नाही, ज्वलन होते, आणि हा फरक शब्दांपुरता नाही.

स्पार्क प्लगच्या टोकांमध्ये ठिणगी पडते. तिच्यासाठी इग्निशन कॉइल बॅटरीचे १२ व्होल्ट वीस हजार व्होल्टच्या पुढे नेते. ठिणगीभोवती एक छोटासा ज्वालागोल तयार होतो आणि त्याची कड पुढे सरकत सगळे मिश्रण पेटवते. या प्रवासाला साधारण दोन मिलिसेकंद लागतात. तीन हजार फेऱ्यांना तेवढ्या वेळात क्रँकशाफ्ट ३६ अंश फिरतो. पिस्टन वरच्या टोकाला पोहोचल्यावर ठिणगी दिली तर दाब तयार होईपर्यंत तो निघून गेलेला असेल, म्हणून ठिणगी आधीच, पिस्टन वर येत असतानाच द्यावी लागते. टोक ओलांडल्यावर सुमारे १५ अंशांवर दाब सर्वाधिक व्हावा, असा हिशेब असतो. ठिणगी किती आधी द्यायची हे वेग आणि भार यांप्रमाणे सतत बदलते. पूर्वी डिस्ट्रिब्युटरमधली वजने आणि स्प्रिंगा ते सांभाळत, आता संगणक सांभाळतो.

स्फोटाच्या जवळ जाणारी गोष्ट म्हणजे नॉकिंग. ज्वाळेची कड पुढे येत असताना कोपऱ्यात उरलेले मिश्रण दाबाने आणि उष्णतेने इतके तापते की ज्वाळा पोहोचण्याआधी ते एकदम, सगळे मिळून पेटते. दाबाची लाट धातूवर आदळते आणि चढावर चौथ्या गिअरमध्ये कमी वेगाने गाडी रेटली की खडखड असा जो आवाज येतो तो ऐकू येतो. असे वरचेवर झाले की पिस्टनच्या कडा कुरतडल्या जातात. नॉकिंगने रिंगांमधली पट्टी तुटलेले पिस्टन मी हाताळले आहेत.

पेट्रोलचा ऑक्टेन आकडा म्हणजे या आपोआप पेटण्याला इंधन किती दाद देत नाही याचे माप. त्यात ताकद जास्त असते हा गैरसमज आहे. ज्या इंजिनाला त्याची गरज नाही त्यात ते घालून सहसा काही पदरात पडत नाही. नॉकिंग थांबवण्यासाठी पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग घालण्याचा उपाय १९२१ मध्ये सापडला आणि त्या विषारी उपायातून मोटारींसाठी जगातल्या शेवटच्या देशाची सुटका २०२१ मध्ये झाली. एका आवाजावरच्या तोडग्याची किंमत माणसांनी शंभर वर्षे श्वासातून मोजली, ही गोष्ट मला फार अस्वस्थ करते.

आणखी एक बारीक मुद्दा. पिस्टन हवा "ओढतो" असे आपण म्हणतो, पण प्रत्यक्षात तो फक्त जागा रिकामी करतो आणि बाहेरचा वातावरणाचा दाब हवेला आत ढकलतो. हा रेटा तोकडा असतो, म्हणून आत घेणारे व्हॉल्व्ह बाहेर सोडणाऱ्यांपेक्षा आकाराने मोठे ठेवतात. जळालेला वायू स्वतःच्या दाबाने लहान दारातूनही निघून जातो. टर्बोचार्जर ही अडचण सोडवतो. बाहेर जाणाऱ्या वायूवर एक चक्र फिरवून तो त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चक्राने हवा आत रेटतो. हे चक्र मिनिटाला लाखाच्या वर फेऱ्या घेते.

यंत्रवेडा

दुरुस्ती मान्य आहे. वरचा शब्द तसाच राहू देतो, म्हणजे आपला प्रतिसाद वाचणाऱ्याला संदर्भ लागेल. ज्वाळेला प्रवास करावा लागतो हे एकदा कळले की ठिणगी आधी का हे वेगळे सांगावे लागत नाही.

वाटसरू

एक शंका बरेच दिवस मनात आहे. पिस्टन ॲल्युमिनिअमच्या मिश्रधातूचा असतो असे वाचले. शुद्ध ॲल्युमिनिअम ६६० अंशांना वितळते आणि सिलिंडरमधल्या ज्वाळेचे तापमान दोन हजार अंशांच्या वर जाते असेही वाचले. मग पिस्टन वितळत कसा नाही?

यंत्रवेडा

उत्तम प्रश्न, आणि कूलिंगचा विषय इथूनच सुरू करता येईल.

पहिले कारण वेळेचे आहे. ते प्रखर तापमान काही मिलिसेकंदच टिकते आणि पाठोपाठ बाहेरची गार हवा आत येते. धातूला या चढउताराची सरासरीच जाणवते. दुसरे कारण म्हणजे धातूला लागून असलेला वायूचा अगदी पातळ थर मधल्या वायूपेक्षा बराच थंड असतो आणि तो पांघरुणासारखे काम करतो. नॉकिंगची दाबलाट हे पांघरूणच उडवून लावते, त्यामुळे त्यात पिस्टनचे इतके नुकसान होते. तिसरे कारण म्हणजे पिस्टनने घेतलेली उष्णता सतत काढून नेली जाते. तिचा मोठा भाग रिंगांमधून सिलिंडरच्या भिंतीत जातो, म्हणजे रिंगांचे हे तिसरे काम झाले. उरलेल्यातली बरीचशी पिस्टनच्या पोटाखाली उडणारे तेल घेऊन जाते आणि अनेक इंजिनांत तर त्यासाठी खालून तेलाची मुद्दाम चूळ मारणारी नळी असते.

सिलिंडरच्या भिंतीभोवती ब्लॉकमध्ये, म्हणजे सिलिंडर ज्यात असतात त्या ठोकळ्यात, पोकळ्या ठेवलेल्या असतात आणि त्यांतून पंप कूलंट, म्हणजे उष्णता वाहून नेणारे द्रव, फिरवतो. ढोबळ हिशेब असा की इंधनातल्या उष्णतेचा एक तृतीयांश धुराबरोबर जातो, जवळपास तेवढाच भाग कूलंटमधून आणि इंजिनाच्या अंगावरून जातो आणि उरलेल्यावर गाडी चालते. अलीकडची काही पेट्रोल इंजिने चाळीस टक्क्यांपर्यंत पोहोचली आहेत, आणि तेवढ्या वाढीसाठी अभियंत्यांना कित्येक दशके झगडावे लागले.

मला यातला सर्वांत आवडणारा भाग थर्मोस्टॅट आहे. इंजिन फार गरम होऊ नये तसेच थंडही राहू नये, कारण थंड इंजिनात पेट्रोल नीट वाफाळत नाही आणि तेल जाड राहते. म्हणून कूलंट गार करणाऱ्या रेडिएटरकडे जाण्याच्या वाटेवर एक दार असते, आणि ते चालवायला ना वीज लागते ना संगणक. पितळेच्या छोट्या डबीत मेण भरलेले असते. साधारण ८२ ते ९० अंशांच्या दरम्यान ते वितळते, वितळताना फुगते, त्याने एक दांडी बाहेर ढकलली जाते आणि दार उघडते. जुना थर्मोस्टॅट मी घरी गरम पाण्याच्या पातेल्यात सोडून पाहिला आहे. बराच वेळ काहीच होत नाही, मग पाण्याच्या तळाशी बारीक बुडबुडे दिसू लागतात आणि ती चकती सावकाश वर उचलली जाते. पाण्याबाहेर काढून ठेवले की मिनिटाभरात स्प्रिंग तिला परत बसवते.

संथ प्रवासी

टायमिंग बेल्टचा उल्लेख वर एका वाक्यात आला आहे, पण त्या एका वाक्याने मला एकदा मोठा धडा दिला होता, म्हणून सविस्तर लिहितो.

गाडी जुनी घेतली होती. बेल्ट बदलला आहे का, असे विचारल्यावर विकणाऱ्याने हो म्हटले आणि मी कागद मागितला नाही. काही महिन्यांनी सरळ रस्त्यावर, मध्यम वेगात, कोणतीही पूर्वसूचना न देता इंजिन बंद पडले. ना मोठा आवाज, ना धूर. गाडी कडेला घेऊन किल्ली फिरवली तर स्टार्टर नेहमीपेक्षा हलका आणि भरभर फिरला. त्या आवाजात नेहमीची लय नव्हती, कारण दाबायला आत काही अडतच नव्हते. हे मला नंतर कळले. तेव्हा मी अज्ञानाने आणखी तीन-चार वेळा स्टार्टर मारला.

हेड उतरवल्यावर कारागिराने मला बोलावून पिस्टन दाखवले. प्रत्येकाच्या माथ्यावर कोयरीच्या कडेसारखी चंद्रकोर उमटलेली होती. बेल्ट तुटल्यावर कॅमशाफ्ट जागच्या जागी थांबला, काही व्हॉल्व्ह उघडेच राहिले आणि वेगात असलेले पिस्टन वर येऊन त्यांच्यावर आदळले. वाकलेले व्हॉल्व्ह सपाट टेबलावर घरंगळवले की त्यांचे डोके डुलत होते. सगळ्याच इंजिनांत असे होते का, आणि चेन असेल तर निर्धास्त राहता येते का?

कार्यशाळा

सगळ्यांत नाही, पण आजच्या बहुतेक इंजिनांत होते. मिश्रण जास्त दाबायचे तर वरची जागा लहान हवी आणि व्हॉल्व्ह तर भरपूर उघडायला हवेत, त्यामुळे पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकाच जागेत वेगवेगळ्या वेळी येतात. त्या दोघांची गाठ पडू न देणारा फक्त तो बेल्ट असतो. रबर वापराने झिजते तसे नुसत्या वयानेही कडक होते, म्हणून निर्माता किलोमीटर आणि वर्षे अशी दोन्ही मर्यादा देतो. त्यांतली जी आधी येईल ती पाळावी आणि बेल्टबरोबर ताण देणारी पुलीही बदलावी. कागद नसेल तर बेल्ट बदललेला नाही असेच धरून चालावे.

चेन जास्त टिकते, पण ती तेलावर जगते. तिला ताणून धरणारा टेन्शनर अनेक इंजिनांत तेलाच्या दाबाने चालतो. तेल वेळेवर न बदललेल्या इंजिनाची चेन लांबते आणि सकाळी गार इंजिन सुरू करताना पहिले काही क्षण साखळी खुळखुळल्यासारखा आवाज येतो. तो आवाज ऐकू आला तर पुढच्या सर्व्हिसची वाट पाहू नये.

वाटसरू

तेलाचा विषय निघालाच आहे तर विचारतो. सायकलच्या चाकातसुद्धा छर्‍यांची बेअरिंग असतात. क्रँकशाफ्टवर एवढा भार असताना तिथे साधी पत्र्याची बेअरिंग का वापरतात?

यंत्रवेडा

ते पत्र्याचे बेअरिंग, म्हणजे शेल, मी पहिल्यांदा हातात घेतले तेव्हा मलाही हेच वाटले होते. अर्धगोल आकाराचा, दीडएक मिलिमीटर जाडीचा पत्रा, आतून करड्या रंगाचा, मऊ धातूचा मुलामा दिलेला, आणि मधे तेलासाठी एक भोक. दोन अर्धे समोरासमोर बसवायचे आणि त्यात क्रँकचा गुळगुळीत भाग फिरणार, बस्स. आता भार पाहा. ७५ मिलिमीटर व्यासाच्या पिस्टनवर ज्वलनाचा दाब वातावरणाच्या पन्नासपट झाला तर दोन टनांहून जास्त रेटा येतो, आणि तो सेकंदात पंचवीस वेळा.

तिथे खरे बेअरिंग म्हणजे तेल. शेल आणि क्रँक यांच्यात मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजावी अशी फट असते. पंप तिथे तेल पोहोचवतो आणि फिरता क्रँक ते तेल स्वतःबरोबर ओढत अरुंद होत जाणाऱ्या फटीत कोंबतो. ओल्या रस्त्यावर वेगात असलेले टायर पाण्यावर तरंगू लागते, तसा क्रँक तेलावर तरंगतो. तो तरंगत असेपर्यंत धातूला धातू लागतच नाही. छर्‍यांच्या बेअरिंगमध्ये भार एवढ्याशा बिंदूंवर येतो, इथे तो तेलाच्या सबंध पापुद्र्यावर पसरतो आणि ठोकेही तेलच झेलते. शिवाय क्रँक वेडावाकडा असल्यामुळे अखंड कड्याचे बेअरिंग त्यावर चढवता येत नाही, दोन अर्ध्यांचा शेल मात्र सहज बसतो.

यातून दोन गोष्टी निघतात. तरंगण्यासाठी फिरणे लागते, त्यामुळे इंजिन सुरू होतानाचे पहिले क्षण बेअरिंगच्या दृष्टीने सर्वांत अवघड असतात आणि सुरू करताच ॲक्सिलरेटर दाबणे चुकीचे ठरते. आणि चालत्या गाडीत ऑइलचा लाल दिवा लागला तर "पुढच्या वळणापर्यंत जाऊ" हा विचार करू नये. तो दिवा तेलाची पातळी दाखवत नाही, दाब गेल्याचे सांगतो, म्हणजे तो पापुद्रा फाटू लागलेला असतो. तत्काळ बाजूला घेऊन इंजिन बंद करावे, मग डिपस्टिक, म्हणजे तेलाची पातळी मोजायची पट्टी, पाहावी.

संथ प्रवासी

माझी आताची गाडी तीन सिलिंडरची आहे. उभी असताना स्टिअरिंगला थरथर जाणवते. हा दोष समजावा का?

कार्यशाळा

थोडी थरथर स्वाभाविक आहे. चार सिलिंडरांत दर १८० अंशांना ताकदीचा धक्का येतो, तीनमध्ये दर २४० अंशांना, त्यामुळे कमी फेऱ्यांवर धक्के सुटेसुटे जाणवतात. शिवाय एका ओळीतल्या तीन पिस्टनांचे खालीवर होणे एकमेकांना रद्द करते, पण टोकाचे दोघे वेगवेगळ्या वेळी हलत असल्याने इंजिन लांबीच्या दिशेने डुलते. चार सिलिंडरची इंजिनेही निर्दोष नसतात, त्यांना क्रँकच्या दुप्पट गतीची बारीक थरथर असते आणि काही इंजिनांत ती घालवायला दुप्पट वेगाने फिरणारे वेगळे दांडे बसवतात. आपल्या गाडीची थरथर अलीकडे वाढली असेल तर मात्र इंजिनाचे रबरी माउंटिंग आणि स्पार्क प्लग तपासून घ्यावेत. एक सिलिंडर मिस मारू लागला तर तीनमध्ये ते फार जाणवते.

संथ प्रवासी

धन्यवाद. आज हे सगळे वाचून बॉनेट उघडले आणि तेल भरायचे झाकण काढून पाहिले. झाकणाच्या आतल्या बाजूला साईसारखा पांढरट, पिवळसर थर होता. डिपस्टिकवरचे तेल मात्र नेहमीसारखे काळसर आहे. हेड गॅस्केट गेले असेल का, या विचाराने धास्तावलो आहे.

कार्यशाळा

हेड आणि ब्लॉक यांच्यामध्ये तो एकच पातळ पत्रा असतो आणि तो एका बाजूला ज्वलनाचा दाब, दुसरीकडे तेल आणि तिसरीकडे कूलंट यांना एकमेकांपासून अलग ठेवतो. तो फाटला तर कूलंट तेलात जाऊन तेल दुधाळ होऊ शकते, हे खरे. पण आपण वर्णन केलेल्या थराचे दुसरे, निरुपद्रवी कारणही असते. एक लिटर पेट्रोल जळाले की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होते. ते बहुतांशी वाफ होऊन सायलेन्सरमधून जाते, पण थोडे रिंगांमधून खाली झिरपते. रोज दोन-तीन किलोमीटरच गाडी चालत असेल तर तेल पुरेसे तापत नाही, ती वाफ झाकणासारख्या गार जागी जमते आणि तेलात घुसळली जाऊन असा थर धरते.

फरक ओळखायला इंजिन पूर्ण गार असताना कूलंटच्या टाकीतली पातळी खूण करून ठेवा. गरम असताना रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नका, आतले कूलंट दाबाखाली असते आणि उसळून अंगावर येते. झाकणावरचा थर पुसून काढा, आठवडाभरात एकदा तरी तासभर सलग गाडी चालवा आणि पुन्हा पाहा. कूलंट कमी होत असेल, सायलेन्सरमधून गरम झाल्यावरही दाट पांढरा धूर येत असेल किंवा डिपस्टिकवरच तेल दुधाळ दिसू लागले तर गाडी न चालवता दाखवून घ्या.

संथ प्रवासी

दहा दिवसांनी लिहितो आहे. गाडी खरोखरच रोज शाळेपर्यंत आणि परत एवढीच चालत होती. थर पुसला, दोन वेळा लांब फेरी मारली. आज सकाळी गार इंजिनावर पाहिले, कूलंट खुणेवरच आहे आणि झाकण आतून कोरडे, नुसते तेलकट आहे.